अण्णांनी पाहिलेला सुपरहिरो

व्हाइटफील्डच्या आमच्या फ्लॅटमध्ये चोरी झाली आणि माझी झोप उडाली. चोर सापडला नाही. मी दाराला जास्तीची कुलपं लावली, सोसायटीच्या सुरक्षा समितीत शिरलो आणि ठराव मांडला: कामाला येणाऱ्या बायकांच्या पिशव्या गेटवर तपासायच्या. ग्रुपवर सगळ्यांनी मला डोक्यावर घेतलं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या अक्का मात्र तेव्हापासून आपली पिशवी दाराबाहेर, चपलांपाशी ठेवू लागल्या.

माझी चिडचिड बघून बायकोने रविवारी मला माहेरी नेलं आणि अण्णांबरोबर, म्हणजे माझ्या सासऱ्यांबरोबर, दुपारच्या सिनेमाला पिटाळलं. सिनेमा एका मुखवटेवाल्या सुपरहिरोचा. भावाचा खून झाल्यापासून हा गुंड बडवत सुटलेला. पुढे अख्ख्या शहराचे फोन चोरून ऐकतो, नुसत्या संशयावरून माणसं उचलतो आणि शहर टाळ्या वाजवतं. मीही वाजवल्या.

मध्यंतरात अण्णांनी पॉपकॉर्न पुढे केलं. "जावईबापू, ह्याला निवडून कोणी दिलं?"

"निवडून कशाला? लोकांना हवाय तो."

"भ्यालेल्या लोकांना काय, कोणीपण चालतो." मग पॉपकॉर्न तोंडात टाकत म्हणाले, "आणि हा झोपतो कधी? डोळ्यांखाली बघा, तुमच्यासारखंच काळं झालंय."

मला असा राग आला! पण नंतर मारामाऱ्या दिसेचनात, त्याचे डोळेच दिसत राहिले. शेवटी सगळे गुंड संपले, तरी तो गडी आपल्या स्क्रीनसमोर बसूनच होता. बाहेर कोणी उरलं नव्हतं, भीती आत तशीच होती. कितीही कुलपं लावली तरी माझीही तशीच होती.

परतताना मी अण्णांना ठरावाचं सांगितलं. वाटलं, आता भाषण ऐकावं लागणार. त्यांनी एवढंच विचारलं, "आमची लेक गावाला होती आणि तुम्ही तापाने फणफणला होता, तेव्हा पेज कोणी करून घातली?"

"अक्कांनी."

"सरी," म्हणजे 'बरं', असं कानडीत म्हणाले आणि भाजी घ्यायला थांबले.

अण्णांच्या घरी सकाळी उघडलेलं दार दिवेलागणीला डास येऊ लागले की मगच लागतं. मी दिवाणावर टेकलो आणि ग्रुपवर ठराव मागे घेत असल्याचं लिहिलं. तरी नजर दाराकडेच.

"अण्णा, दार?"

"असू दे. मी आहे ना."

कितीतरी दिवसांनी मी गाढ झोपलो. त्या माणसाने मला लाज न आणता माझी भीती दाखवली, ह्याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. हे त्यांना तोंडावर सांगायची सोय नाही, हसतील.

जाग आली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. दार उघडंच होतं. माझी झोप मोडू नये म्हणून घरात दिवा लावला नव्हता, आणि त्या अंधारात अण्णा उंबऱ्याशी खुर्ची टाकून, एका हाताने डास मारत, पेपर उघडा धरून बसले होते.