त्याला धूर नको होता

मला जाळू नका, असं माझा नवरा शुद्धीवर असताना, मुलीसमोर, स्वच्छ शब्दांत सांगून गेला. एवढं साधं वाक्य, पण ते त्याच्या घरच्यांच्या गळी उतरवताना माझ्या नाकी नऊ आले.

त्याची फुप्फुसं आधीपासून अधू. ज्या उन्हाळ्यात जंगलं पेटली आणि इथे परदेशात आमच्या गुंगालिन उपनगरावर धूर बसून राहिला, तेव्हा आम्ही दारांच्या फटींत ओले टॉवेल कोंबून दिवस काढले. तो एकेक श्वास उसना मागितल्यासारखा घ्यायचा. पुढे डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा त्यानेच शोधून काढलं की इथे पाण्यानेही अंत्यसंस्कार होतात. पोलादी टाकी, गरम पाणी, त्यात अल्कली. काही तासांत देह विरघळतो, हाडं उरतात, त्यांची पांढरी पूड करून घरच्यांना देतात. "धूर गिळून गिळून मेलो," तो म्हणाला, "आता जाताना दुसऱ्याच्या छातीत नको घालायला."

तो गेल्यावर थोरले दीर पुण्याहून धावत आले. माणूस वाईट नाही, धाकट्या भावाला त्यांनीच शिकवलं. पण पाण्याचं ऐकताच भडकले.

"आणि ते उरलेलं पाणी? माझा भाऊ गटारात सोडणार तू?"

मी सगळं विचारून ठेवलं होतं. "शुद्ध करून झाडांना घालतात. आणि तुमच्या वडिलांना तुम्ही विद्युतदाहिनीत ठेवलंत, बटण पालिकेच्या माणसाने दाबलं. तेव्हा शास्त्र कुठे गेलं होतं?"

"विजेचा का होईना, अग्नी होता तो."

मुखाग्नीचा मान माझा, तो तू हिरावलास, असंही म्हणाले. हिरावला. मला त्याचं वाईट वाटत नाही. टाकीचं झाकण लागलं तेव्हा बटण मुलीने दाबलं आणि मी तिला खेटून उभी राहिले. दीर बाहेर गाडीत बसून होते.

दहाव्याला मागच्या अंगणात कुंपणाशी पिंड ठेवला. एरवी बिन-डेला, कचरागाडी यायच्या दिवशी, आमचा कचरा उपसणारे, तान्ह्या पोरासारखे रडणारे इथले कावळे नेमके गमच्या, म्हणजे निलगिरीच्या, झाडावर बसून राहिले. कावळा शिवेना. आमच्यात अशा वेळी गेलेल्याची कुठली इच्छा राहिली ते ओळखून मोठ्याने वचन द्यायचं असतं, आणि कावळा शिवेपर्यंत घरात कुणी जेवायचं नसतं.

दिरांनी हात जोडले. "तुला अग्नी देतो रे. दर्भाचा पुतळा करून देतो." मग माझ्याकडे वळले. "देह हाती लागला नाही तर शास्त्रात ही सोय आहे. आत्ता इथेच करू."

"काका, आज टोटल फायर बॅन आहे," मुलगी म्हणाली. "बार्बेक्यूपण अलाउड नाही."

"मग उद्या. उद्या उठेल बंदी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सरकारची उठेल, माझी नाही. गवताचासुद्धा जाळू देणार नाही मी त्याला. त्याच्या नावाने या घरात काडी ओढायची नाही."

"तो अडकून राहील. त्याचं पाप तुझ्या माथी."

"असू दे माझ्या माथी."

मीही पिंडासमोर हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तुला कुणी जाळणार नाही. मी आहे."

कावळा तरीही आला नाही. खोटं कशाला सांगू? वाटलं, ये रे बाबा एकदा, निदान या माणसाचं तोंड बंद करायला तरी ये. पण माझा नवरा हाक मारल्यावर जेवायला वेळेवर कधी आला होता? आणि मला त्याने काय हवं ते सांगितलं होतं. ते आता एखाद्या पाखराकडून पुन्हा वदवून घ्यायची मला गरज नव्हती.

मी आत जाऊन पानं मांडली. मुलगी दारात घुटमळली. "आई, चालेल का असं?"

"बस," मी म्हटलं.

बाहेर दीर झाडाकडे बघत उभेच होते. त्यांचंही पान मी वाढलं, आणि कावळा शिवलेला नसताना पहिला घास घेतला.