नर आहे, चालेल

माझ्या मुलीला पप्पांनी हात लावला नाही, याचा मला किती राग आला होता ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

मम्मी गेल्यावर पप्पा वसईच्या घरात एकटेच राहायला लागले. इकडे माझी मॅटर्निटी लीव्ह संपत आलेली, डेकेअरच्या वेटलिस्टवर आमचं नाव कुठेतरी तळाला, आणि नवरा अर्धा आठवडा कामासाठी पाच तासांवरच्या कनाटाला. म्हणून मी पप्पांना मिसिसागाला बोलावलं. उगाच खोटं कशाला बोलू, पाहुणचारासाठी नाही, स्वार्थासाठी बोलावलं. वर्षभर राहा, नात सांभाळा, असं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. ते 'हं' म्हणाले होते. आमच्याकडे 'हं'चा अर्थ हो असाही होतो आणि बघू असाही.

पप्पा आले. बॅगेतून सुकेळी निघाली, सुकट निघाली, चर्चमधून आणलेली जपमाळ निघाली. नातीकडे मात्र त्यांनी लांबूनच पाहिलं, शेजाऱ्याने नवी गाडी घेतली की आपण पाहतो तसं. "छान आहे," म्हणाले आणि सोफ्यावर जाऊन बसले.

मी तिला त्यांच्या मांडीवर ठेवायला गेले की त्यांना हमखास बाथरूमला जायचं असे, नाहीतर रोझरी म्हणायची असे. एक दिवस मी धरूनच बसले. तेव्हा म्हणाले, "बाय, ते बाप्या माणसाचं काम नाही. पोर आईचं असतं. बापाचं काय, झालं की झालं."

माझं डोकंच सणकलं. हा माणूस उभा जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढून आलेला. मी लहान असताना हे वर्षातून दोन महिने घरी, बाकीचे दिवस भिंतीवरच्या फोटोत. मम्मीने एकटीने सगळं केलं आणि आता म्हातारपणीही यांचं तेच तुणतुणं. वर जेवताना हळूच म्हणतात कसे, जून संपायच्या आत माझं परतीचं बघ. मी जूनच्या मधल्या सोमवारी कामावर परत जाणार होते. ते गेले असते तर मला नोकरी सोडावी लागली असती, दुसरा मार्गच नव्हता. मी भांडी आपटली. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

एका गोष्टीचं नाव काढलं की मात्र पप्पांच्या तोंडावर रंग यायचा. मासेमारी. सुट्टीवर आले की ते खाडीवर गळ टाकून बसायचे, हे मला आठवत होतं. म्हटलं, इथे जीव रमला तर कदाचित राहतील. त्यांना लायसन्स काढून दिलं, गळ घेतला, आणि मेच्या शेवटी एका शनिवारी आम्ही तिघं निघालो. ते, मी आणि कॅरियरमध्ये माझ्या छातीशी बांधलेली लेक. तासाभरावर एक नदी आहे. पाणी उथळ आणि इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत.

गाडीतच मी त्यांना फोनवरचे नियम वाचून दाखवले. सनफिश चालेल, पर्च चालेल. बास जातीचा मासा चालणार नाही. बासचा सीझन जून सरत आल्यावर उघडतो, तोवर ती मासळी अंड्यावर असते.

पप्पा खूश झाले. "शहाणे आहेत लोक," म्हणाले. "आपल्याकडेही पावसाळ्यात बोटी वर ओढतात. गाभण मासळी मारली तर पुढच्या वर्षी खाणार काय, वाळू? माझ्या हातून जाणूनबुजून मादी कधी गेली नाही. बाजारात गाभोळीवर, माशाच्या अंड्यांवर, लोक तुटून पडतात, पण मी स्वतः धरली की सोडून द्यायचो."

मलाही बरं वाटलं. म्हातारा नियमाला धरून आहे, आता कसली काळजी.

पहिला अर्धा तास दोन-चार चिमुकले मासे लागले, पप्पांनी ते सोडून दिले. मग काठाने चालता चालता ते थांबले आणि मला हाताने खुणावलं. गुडघाभर पाण्यात परातीएवढी जागा कुणी झाडून घ्यावी तशी लख्ख होती, आणि त्यावर एक हिरवट तपकिरी बास उभा होता. आमची सावली पडली तरी हलेना. पप्पांनी पाण्यात खडा टाकला, तर जरासा सरकून परत तिथेच आला.

"याला झालंय काय? पळत कसा नाही?" मी विचारलं.

"आजारी असेल, नाहीतर अकलेने कमी," पप्पा म्हणाले, आणि मी नको म्हणायच्या आत त्यांनी गळ टाकला. मासा असा झेपावला की जणू वाटच पाहत होता. पप्पा हसत होते, काठी वाकली होती, आणि खरं सांगते, इतक्या दिवसांनी त्यांना हसताना पाहून मी नियमबियम विसरले.

जाळीत घेऊन त्यांनी त्याच्या पोटाखालून सराईतपणे अंगठा फिरवला. पांढरा थेंब आला. "नर आहे," म्हणाले. "चालेल."

"पप्पा, चालेल काय? बास बंद आहे."

"अगं, बंद कशासाठी आहे? अंड्यांसाठी. अंडी मादीच्या पोटात. हा नर आहे, याचं काम झालं. आता हा गेला काय, राहिला काय."

मी म्हटलं, बरं, घरी न्यायचा नाही, फोटो काढू आणि सोडू. सोडून दिला म्हणजे कुणाचं काय बिघडलं? गावच्या ग्रुपवर टाकायचा म्हणून त्यांनी टोपी नीट केली. मी ऊन पाठीमागे घेतलं. लेक कॅरियरमधून हात मारत होती, एक फोटो हलला, मग दुसरा काढला. दोन फोटोंच्या मधे पप्पा माशाला पाण्यात बुडवून घेत होते, तेवढं त्यांना कळत होतं. सगळं मिळून पाच मिनिटं गेली असतील, नसतील.

तेवढ्यात पाठीमागून एक बाई मोठ्याने म्हणाली, तो मासा आत्ताच्या आत्ता सोडा. वळून पाहिलं तर युनिफॉर्ममधली मत्स्यखात्याची अधिकारी, तिशीची असेल, काठावरून जवळजवळ पळत येत होती. पप्पांनी घाईने जाळी पाण्यात उलटी केली. मी इंग्रजीत सारवासारव सुरू केली, की आम्ही सोडणारच होतो, फक्त फोटो, आणि शिवाय तो नर आहे.

"नर आहे म्हणूनच," ती म्हणाली आणि पाण्याकडे बोट दाखवलं. "ते बघा."

त्या परातीएवढ्या जागेवर बोटाबोटाएवढे मासे तुटून पडले होते. डोकी खाली, शेपट्या वर. आणखी येतच होते, गोट्यांच्या फटींतून, गवतातून. मला आधी कळेनाच ते काय खाताहेत. मग तिने सांगितलं. बासची मादी अंडी टाकते आणि निघून जाते. राखतो तो बाप. अंडी फुटून पिल्लं पोहायला लागेपर्यंत तो जागचा हलत नाही, म्हणून माणूस आला तरी पळत नाही. जवळ येईल त्याच्यावर धावून जातो, म्हणून गळाला चटकन लागतो. या नदीत वर्षानुवर्षं लोकांनी मे महिन्यात असेच न पळणारे मासे धरले, कुणी खाल्ले, कुणी फोटो काढून सोडले, आणि बास कमी होत गेले. म्हणून या दिवसांत सोडून देण्यासाठीसुद्धा धरायचा नाही.

आमच्या डोळ्यांदेखत, आमच्या पायाशी, आम्ही हसत फोटो काढत असताना हे सगळं झालं होतं. इतक्या लवकर? दुधाला उकळी यायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

पप्पांनी इंग्रजी आयुष्यभर जहाजावर ऐकलेलं, त्यांना सगळं समजलं होतं. ते बूट न काढता तसेच पाण्यात शिरले आणि टोपी काढून त्या माशांना हाकलू लागले. हुश, हुश, असं, कोंबड्यांना करतात तसं. मी ओरडले, पप्पा, पाणी थंड आहे, बाहेर या. ते ऐकेनात. अधिकारी बाईनेच पुढे होऊन त्यांचा दंड धरला आणि त्यांना काठावर आणलं.

पाणी निवळल्यावर बास परत आला. त्या जागेवर उभा राहिला, एक फेरी मारली, दुसरी मारली. मग खोल पाण्याकडे सरकला आणि दिसेनासा झाला.

"परत येईल?" पप्पांनी विचारलं.

"वाटत नाही," ती म्हणाली. "राखायला काही उरलेलं नाही."

तिने लायसन्स तपासलं, आमची नावं घेतली आणि कडक शब्दांत वॉर्निंग देऊन आम्हाला सोडलं. मी तिचे आभार मानले.

परतताना आम्ही हायवेला लागलो. ओल्या पँटचं पाणी मॅटवर साचलं होतं, मी हीटर लावला. लेक मागे झोपली होती. मग ते समोर बघत बोलायला लागले.

"तुझ्या आधीचा तो."

आमच्या घरात माझ्याआधी एक मुलगा होऊन गेला, हे मला माहीत होतं. मम्मी दर नोव्हेंबरला कबरस्थानात आमच्या लोकांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायची तेव्हा एक छोटी वेगळी लावायची. त्यापलीकडे आमच्याकडे त्याच्याबद्दल कुणी बोलत नसे.

"एका पोर्टमध्ये कळलं, मुलगा झाला," पप्पा म्हणाले. "सगळ्यांना चहा पाजला मी. पुढच्या पोर्टमध्ये कळलं, गेला. ताप आला होता. घरी आलो तेव्हा मातीवर गवत उगवलं होतं. मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही, बाय."

हायवेवरून उतरायची माझी एक्झिट मागे पडली, मला कळलंही नाही. चाळीस वर्षांची बाई मी, आणि माझ्या बापाने आपला मुलगा पाहिलाच नाही ही गोष्ट मला आज, गाडी चालवताना कळत होती.

"तू झालीस तेव्हा मी घरी होतो. तुझ्या मम्मीने तुला माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही. ज्याने राखलं नाही त्याने मिरवायला घ्यायचं होय? म्हटलं, आपला हात नको. हिच्याजवळच राहू दे."

इतकी वर्षं मी त्याला बाप्यांचा तोरा समजत होते. मम्मीला ठाऊक असेल का? असेलच. मग मला का नाही सांगितलं? तिच्यावरही रागावून घेतलं मनातल्या मनात.

"तुला सोमवारी किती वाजता निघायचंय?" त्यांनी विचारलं.

"सातला," मी म्हटलं. "पण अजून दोन आठवडे आहेत."

"मग तोवर मला शिकव."

त्या दोन आठवड्यांत ते डायपर बदलायला शिकले, दुधाचा थेंब मनगटावर टाकून बघायला शिकले. तरी कामाच्या पहिल्या दिवशी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दहाला फोन केला, उचलला नाही. साडेदहाला केला, नाही. अकराला तीनदा केला, मग मॅनेजरला काहीतरी पुटपुटले आणि गाडी काढली. वाटेत काय काय मनात आलं ते लिहिणार नाही.

दार उघडून मी जिना चढले. पप्पा लेकीच्या क्रिबला लावलेल्या खुर्चीत ताठ बसले होते. लेक आत निवांत झोपली होती, दूध पिऊन, स्वच्छ. फोन खाली किचनमध्ये वाजून वाजून गप्प झाला होता. शेजारी मी सकाळी वर आणून ठेवलेली दुधाची बाटली रिकामी होती, पण चहा तसाच होता, वर साय धरलेली, आणि सँडविचचा कागद उघडलेलाही नव्हता.

"पप्पा, फोन का नाही उचलला? मी मेले असते वाटेत."

"खाली होता," ते म्हणाले. "आणायला गेलो असतो तर हिच्याजवळ कोण होतं?"

मग जपून उठले, गुडघ्यावर हात टेकून, आणि मला त्यांच्या जागेवर बसवलं. "बस इथे. सकाळपासून बाथरूमला जायचंय मला."