डुकरांसाठी भरलेला आवाज

आमच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मचाणाला एक भोंगा बांधला आहे. धान निसवलं, लोंब्या आल्या की दिवस बुडताना त्यातून माझा नवरा रानडुकरांवर ओरडतो. तो स्वतः मात्र तेव्हा घरी ओसरीत असतो आणि त्याच्या तोंडातून आवाज निघत नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन घशात गाठ झाली. डॉक्टरांनी गाठीबरोबर आवाजही काढून टाकला. आता गळ्याला भोक आहे, त्यातून तो श्वास घेतो.

ऑपरेशनला जायच्या आधी मुलीनं मोबाइलवर त्याचा आवाज भरून घेतला. आठवण म्हणून नाही. डुकरं त्याच्या आवाजाला भीत, म्हणून. अंगणात उभा राहून तो ओरडला, "हाट्! हाट् रे! हो हो हो! कोन हाय रे तिकडं?" शेवटी दमला आणि माझ्यावरच खेकसला, "अवो, झालं का नाई? जेवन थंडं होऊन राह्यलं ना." मुलगी ते शेवटचं कापणार होती. मी म्हटलं, राहू दे, डुकरांना काय समजतं. तो आवाज तिनं पेन ड्राइव्हमध्ये भरून दिला, आणि तो भोंग्याला लावला की आमचं काम होत असे.

यंदा मला वाटलं, त्यात कुत्र्यांचं भुंकणंही टाकावं. बाजाराच्या गावी एका मोबाइलच्या दुकानात पेन ड्राइव्ह दिला. भुंकणं आलं नाही, होतं तेही गेलं. परत नेला तर दुकानदार म्हणतो, "बाई, याच्यात काईच नाई. फॉरमॅट करून देऊ काय? नव्यावानी होते." मी पेन ड्राइव्ह हिसकून घेतला आणि घरी आले. मुलीचा जुना मोबाइल कधीच पाण्यात पडून गेला होता. तो आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

त्या संध्याकाळी नवरा काठी आणि तेलाचा रिकामा डबा घेऊन निघाला. मी वाट अडवली. "डुक्कर आंगावर आलं तं हाक कशी मारान जी?" त्यानं माझ्या तोंडासमोर डबा वाजवून दाखवला आणि गेला. बांधी रानाला लागून आहे. मी घरात बसून डबा ऐकत होते. डबा थांबला की उठून अंगणात जायची, वाजला की परत येऊन बसायची. असं पीक निघेपर्यंत चालणं शक्य नव्हतं.

सकाळी मुलीला फोन लावला. ती अहेरीला शाळेत शिकवते. तिचा जुना कॉम्प्युटर आमच्याकडे पडला आहे, मी त्यावर पत्ते खेळते. माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं मुलीच्या अभ्यासापाशी बसून बसून आली.

"फॉरमॅट तं नाई ना करू देलं?" तिनं आधी तेच विचारलं.

"नाई."

"मंग पेन ड्राइव्ह लाव अन् बस कॉम्प्युटरसमोर. मी सांगतो तसं लिव."

तिनं कॉम्प्युटरला हुकूम लिहायची काळी खिडकी उघडायला लावली. त्यात डी आय आर, म्हणजे आत काय आहे ते दाखव, असं लिहिलं, तर एकच नाव दिसलं. ते दुकानातून आलेल्या व्हायरसनं ठेवलेलं नकली आहे, म्हणाली. "आता त्याच्यामागं स्विच लाव."

मी उठून भिंतीवरचं बटन दाबलं.

"काय केलं आई?"

"स्विच लावला ना. पंखा सुरू झाला."

ती इतकी हसली की तिच्या वर्गातली पोरंही हसायला लागली असतील. मग म्हणाली, "बाबा खर्रा कसा मांगत?"

"एक खर्रा, चुना कमी, सुपारी जास्त."

"तसंच हाय हे. पह्यले खर्रा म्हणाचं, मंग काय जास्त, काय कमी ते सांगाचं. त्या मागच्या सांगण्यालेच स्विच म्हणतेत."

नवरा बाजूला बसून ऐकत होता. मी म्हटलं, "पाहा जी, ज्यानं आवाज खाल्ला त्याच्याच नावानं आता परत मांगून राह्यली तुमची पोरगी." त्याचे खांदे हलले. तो तसाच हसतो आता.

डी आय आरच्या मागे तिरपी रेघ आणि ए लावलं. म्हणजे लपलेलंही दाखव. तर खाली आणखी एक नाव आलं. बी ए बी ए. बाबा! फाइल गेली नव्हती, व्हायरसनं झाकून ठेवली होती. मला पाणी प्यावं लागलं.

आता झाकण काढायचं. अ‍ॅट्रिब, मग आडवी रेघ आणि एच, म्हणजे लपणं कमी. मी अ‍ॅट्रिबला रेघ चिकटवून लिहिली, तर कॉम्प्युटरला ते ओळखू येईना. "मधात जागा सोड आई. 'खर्राचुनाकमी' म्हणलं तं पानठेलेवाल्याले तरी समजन काय?" जागा सोडली, तरी ऐकेना. कसलीशी इंग्रजी ओळ आली, ती मी एकेक अक्षर करून तिला वाचून दाखवली. तिला समजलं. फाइलवर दोन खुणा होत्या, एच आणि एस. दोन्ही एकाच वेळी कमी सांगाव्या लागतात, एकटी निघत नाही.

दोन्ही लिहिल्या, फाइलचं नाव लिहिलं, बटन दाबलं. काहीच आलं नाही. नुसती पुढची रिकामी ओळ.

"काई बोलूनच नाई राह्यला हा," मी म्हटलं.

"काई बोलला नाई म्हंजे झालं. वाजवून पाह्य."

वाजवलं. "हाट्! हाट् रे!" घर दणाणलं. नवऱ्यानं गळ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मुलीनं तो आवाज तेव्हाच फोनवर पाठवायला सांगितला, तिच्याजवळही ठेवायला.

संध्याकाळी मीच दिवस बुडायच्या आधी जाऊन भोंगा लावून आले. नवऱ्यानं डबा न्हाणीत ठेवून दिला, तो आता तिथेच आहे. त्याला मऊ भात वाढला. तिकडे धुऱ्यावर हो हो हो झालं, कोण आहे रे झालं, आणि मग अख्ख्या शिवाराला ऐकू गेलं, "जेवन थंडं होऊन राह्यलं ना."

"ऐकलं ना?" मी म्हटलं. "जेवा आता."

तो जेवला.