तारेने आलेला चोरीचा माल

तमाम वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, सत्तरच्या दशकात आमच्या अड्याळच्या घरात चोरीचा माल शिरला होता, आणि तो कुणी पोत्यात घालून आणला नव्हता. तारेवरून आला होता.

मी तेव्हा त्या घरची नवी सून. सासूबाईंचा धाकटा भाऊ नागपूरला कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचा. एके दिवशी त्याची तार-मनिऑर्डर आली. पोस्टमनने नोटा हातावर ठेवल्या, सासूबाईंनी त्या तुरीच्या डाळीत खुपसल्या. चार दिवसांनी हवालदार दारात! भावाने मालकाचा गल्ला साफ करून पैसे बहिणीला पाठवले होते आणि स्वतः पसार झाला होता.

"चोरीचा माल ठेवला म्हणून बाईले ठाण्यात न्या लागते," हवालदार म्हणाले. सासूबाई डाळीतून नोटा उपसू लागल्या. सासरे धावत जाऊन पोस्टमास्तरांना घेऊन आले. डाळीतून काढलेल्या नोटा खाटेवर मांडल्या होत्या.

"या चोरीच्या नाहीत," मास्तर म्हणाले. "माझ्या तिजोरीतल्या आहेत. मीच दिल्या."

"मंग चोरीच्या नोटा कुठी हायेत?"

"नागपूरच्या पोस्टात भरल्या त्याने. तिथेच राहिल्या."

"मंग अड्याळले आलं काय?"

"कट्ट-कट्ट. यंत्रावर निरोप आला, अमक्या बाईला इतके रुपये द्या. बस."

हवालदारांनी लिहिलेलं खोडलं. "म्हणजे चोरीचा माल घेतला पोस्टानं! आता काय पोस्टाले बेड्या घालू? आन् इकडच्या नोटा चोरीच्याच नाई, त जप्त काय करू? तार?"

"न्या ना साहेब," सासरे म्हणाले, "खांबासकट न्या!"

मी चुलीपाशी उभी राहून डोकं खाजवत होते. पैसा चोरीचा, पण नोटा सज्जन. मग आमच्या सासूबाई नक्की कोण?

शेवटी मास्तरांनीच वाट काढली. पैसा चोरीचा आहे हे माहीत असून ठेवला, तरच गुन्हा. माहीत नसेल तर बाई मोकळी. नोटा तेवढ्या मालकासाठी घेऊन जा.

"बाई," हवालदारांनी विचारलं, "हा पैसा चोरीचा हाय, हे मालूम होतं का?"

हवालदारांच्या पाठीमागे सासऱ्यांनी इतक्या जोरात नकाराची मान हलवली की टोपी खाली पडली. सासूबाईंनी ते पाहून तशीच मान हलवली. हवालदारांनी 'माहीत नव्हते' असं लिहिलं, अंगठा घेतला, वही मिटली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी चहा आणला. सासूबाईंना तर इतकं हलकं वाटलं की हवालदारांपुढे कप धरताना त्या खुशीत बोलून गेल्या,

"माह्या भावानं जनमात कोणाले सुपारीचं खांड देलं नाई, साहेब! नोटा पाहल्याबरोबरच मी म्हटलं, यानं कोणाचा तरी गल्ला मारला दिसते!"