मनगटातली थरथर

निवृत्त मोटार मेकॅनिक रोज उठताच उजवा तळवा डाव्या मनगटावर ठेवत. डायलिसिसच्या सुयांसाठी तिथे शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडली होती. वाहत्या रक्ताची थरथर लागली, की जोड शाबूत असल्याची खात्री पटे. आज ती लागेना.

"या हातावर भार द्यायचा नाही, तरी काल भाजीची पिशवी याच हाताला अडकवली होती," त्यांनी पत्नीकडे कबूल केले. "चारचौघांत तुझ्याकडे कशी देणार?"

"दिली असती तर नाक कापलं गेलं असतं का?" म्हणत तिने उपचारांची फाइल काखोटीला मारली.

डायलिसिस केंद्रात तंत्रज्ञाने मनगटाला स्टेथोस्कोप लावला.

"क्षीण आहे, पण आहे. सर्जनना बोलावतो. आत चला."

फाइल पत्नीकडेच होती. या वेळी त्यांनी ती मागितली नाही.