आमच्या सोड्यात पाल नाही

धुळ्यात चौथ्या गल्लीच्या तोंडाशी आमचा सोडावॉटरचा कारखाना होता. कारखाना कसला, एक खोली, हातानं फिरवायचं यंत्र आणि गोटीच्या बाटल्या. यजमान यंत्र फिरवायचे, मी बाटल्या धुवायची. देश स्वतंत्र झाल्यानंतरची ती पहिली वर्षं. लग्नसराईत जे विकलं जाई, त्यावरच पुढचं सगळं वर्ष निघायचं.

त्या वैशाखात एका लग्नाला आमचा सोडा गेला. जेवणं झाल्यावर तिथली एक लहान मुलगी ओकायला लागली, तापानं फणफणली. दिवेलागणीपर्यंत गावभर झालं, बाटलीत मेलेली पाल निघाली. पाहिली कोणी, असं विचारलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी.

"आपण त्या पोरीला बघून येऊ," मी म्हटलं.

"गेलो तर लोक म्हणतील, यांनी चूक कबूल केली," हे म्हणाले.

हॉटेलवाले भरलेल्या पेट्या तशाच परत पाठवायला लागले. मग यांनी भलतंच केलं. पत्रकं छापली, टांगा भाड्यानं घेतला आणि हातात भोंगा धरून आग्रा रोडपासून पांझरेच्या काठापर्यंत स्वतः ओरडत फिरले, "आमच्या सोड्यात पाल नाही! खोटारड्यांवर विश्वास ठेवू नका!"

ज्यांच्या कानावर काही गेलं नव्हतं, त्यांनाही त्या दिवशी पाल कळली. शेंगदाणेवाले आमच्याच पत्रकांच्या पुड्या बांधू लागले. बाजारात बायका मला बघून पदराआड हसायच्या. एकही पेटी जाईना. यांनी जेवण सोडलं, बोलणं सोडलं. मागच्या अंगणातल्या विहिरीकडे हे वळले की मी काहीतरी निमित्त काढून मागोमाग जायची.

शेवटी यांना न विचारता मीच त्या मुलीच्या घरी गेले. तिची आजी ओट्यावर डाळ निवडत होती.

"अक्का, मी सोडावाल्यांकडची. पोर कशी आहे?"

तिनं वर पाहिलं. "आते बरी शे. पण तू पयलेच कसाले नई उनी?"

आधी का आले नाही म्हणून विचारलं, तरी सरकून तिनं मला ओट्यावर जागा दिली.

"सोडानं झायं का पंगतमधला जेवणनं, देवले माहीत," ती म्हणाली. "मी तुमनं नाव नई लिधं. पण तुना मालक मना दारसमोर टांगा उभा करीसन आमले खोटारडा म्हने!"

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "अक्का, उद्या येऊन आमचा कारखाना बघा. सगळा बघा."

दुसऱ्या दिवशी ती गल्लीतल्या बायकांना घेऊन आली. हे कोपऱ्यात पाठ करून उभे. बायकांनी बाटल्या उजेडात धरून पाहिल्या, यंत्राखाली वाकून पाहिलं. अक्का पाण्याच्या टाकीपाशी थांबली. टाकीवर झाकण नव्हतं.

"आठे काही बी पडी," उघड्या टाकीत बोट दाखवून ती एवढंच म्हणाली. सोडा दिला, तो कोणीच घेतला नाही.

त्या निघून गेल्यावर हे किती तरी वेळ टाकीत बघत राहिले. मग बाजारात जाऊन पत्र्याचं झाकण करून आणलं. झाकण बसल्याचं मी अक्काला कळवलं. तिनं ते घरोघरी सांगितलं असावं, कारण आठवड्याभरात एका हॉटेलवाल्यानं एक पेटी नेली, मग दुसऱ्यानं. पण तोवर लग्नतिथी सरल्या होत्या आणि आभाळ भरून आलं होतं. पावसाळ्यात सोडा कोण पितो? दिवाळीच्या आत यंत्र गाडीत घालून आम्ही धुळं सोडलं.

जळगावात मेहरूणला पुन्हा मांडलं तेव्हा यांनी बाटल्या धुण्याची जागा रस्त्याच्या बाजूला घेतली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. बाटलीत कचरा निघाल्याची तक्रार कानावर आली की हातातलं काम टाकून हे त्या घरी जायचे. काही ठिकाणी शिव्या खाऊन यायचे. पहिली दोन वर्षं फार ओढाताणीची गेली, एका वेळच्या भाकरीवर काढलेली. धंदा बसला तो त्यानंतर, तोही जेमतेम.