चूक शोधा, बूट जिंका

जाधव साहेबांचा तिसरा फोन आला तेव्हा मी ऐरोलीच्या ऑफिसात डबा उघडून बसले होते. त्यांना शीट हवी होती. आमच्या ऑनलाइन गेममध्ये भाग घेतलेल्या सगळ्यांची नावं, मोबाइल नंबर आणि ते कुठल्या कंपनीत कामाला आहेत ते, आणि तेही दोनच्या आत. मी म्हटलं, जेवून फोन करते. भाजी गवारीची होती आणि थंड गवार मला जात नाही.

मी सोशल मीडिया सांभाळते. म्हणजे दुसऱ्यांच्या कंपन्यांची पेजेस चालवते, पोस्ट टाकते, कमेंटना उत्तरं देते आणि महिनाअखेर किती जणांनी पाहिलं त्याचा रिपोर्ट काढते. आमची एजन्सी छोटी आहे. केक, लिपस्टिक, कॅफे ही अकाउंट्स ऑफिसातल्या तरुण मुलींना मिळतात. पंप, पाइप आणि केमिकलची पिंपं माझ्याकडे येतात, कारण माझं वय त्रेचाळीस आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. पंपवाले स्वतःचा चेहरा गोरा करून मागत नाहीत.

जाधव साहेबांची तळोज्याला सेफ्टी शूज आणि हातमोज्यांची फॅक्टरी. मूळ साताऱ्याकडचे, स्वतः मशीनवर उभं राहून वर आलेले. धंदा बरा चालला होता, पण शेजारच्या प्लॉटवरच्या बूटवाल्याच्या पेजला त्यांच्यापेक्षा जास्त फॉलोअर होते आणि ते त्यांना सहन होत नव्हतं. फॉलोअर वाढवा, कसे वाढवायचे ते तुम्ही बघा, एवढीच त्यांची सूचना.

माझा बॉस निखिल माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान आहे. मला मॅम म्हणतो आणि माझ्या डोक्यावर बसतो. त्याने आधी पॉड आणला. पॉड म्हणजे तीस-चाळीस पेजेसचा एक ग्रुप. तुम्ही माझ्या पोस्टला लाइक करा, मी तुमच्या पोस्टला करते, असा सगळा व्यवहार. त्याला जोडून एक टूल होतं, ते आपोआप कमेंटसुद्धा टाकायचं. आमच्या ॲसिडच्या हातमोज्यांच्या पोस्टखाली एका बेकरीने ‘यम्मी’ लिहिलं. टॅटूवाल्याने ‘किलर लुक’ लिहिलं. आकडे वर गेले, साहेब खूश झाले. बुटांची चौकशी करणारा एकही फोन आला नाही.

मग फिरत्या चक्राचा गेम केला. पेज फॉलो करा, चक्र फिरवा, इअरफोन जिंका. लोक आले, चक्र फिरवलं आणि इअरफोन संपल्यावर निघून गेले. त्यात कॉलेजची पोरंच जास्त. सेफ्टी शूज म्हणजे काय हेही त्यांना माहीत नसावं.

मी निखिलला म्हटलं, आता एक गेम मला माझ्या पद्धतीने करू दे. गेमचं नाव ‘चूक शोधा, बूट जिंका’. कारखान्याचा एक फोटो टाकायचा, त्यात सुरक्षेची एक चूक मुद्दाम ठेवायची. कमेंटमध्ये ती ओळखायची आणि एक छोटा फॉर्म भरायचा. विजेत्याला सेफ्टी शूजचा जोड. हा गेम खेळणारा माणूस खरोखर कारखान्यात काम करणाराच असणार, कारण बाकी कुणाला त्या बुटांचं काय अप्रूप? फॉर्ममध्ये मी नाव, मोबाइल, कंपनी आणि बुटाचा नंबर विचारला. खाली आमच्या एजन्सीचं नाव टाकलं आणि एक ओळ लिहिली, ‘ही माहिती फक्त बक्षीस पाठवण्यासाठी वापरली जाईल.’

फोटो साहेबांच्याच फॅक्टरीत काढला. एका कामगाराला हातमोजे काढून उभं केलं, ती आमची चूक. मी सगळा वेळ उजेड बघत होते. त्याच्या पाठीमागे काय आहे ते माझ्या डोक्यातही आलं नाही.

सकाळी पोस्ट टाकली. पहिल्या तासात साठ-सत्तर जणांनी ‘हातमोजे नाहीत’ लिहिलं. मला वाटलं, जमलं. मग एकाने लिहिलं, ‘ताई, मागं आग विझवायचा सिलिंडर खोक्यांच्या आड हाय, त्ये बी चूकच ना?’ मी फोटो मोठा करून पाहिला. होता. दुसऱ्याने बाहेर पडायच्या दारापुढे लावलेल्या थप्पीभोवती लाल गोल काढून पाठवला. तिसऱ्याने लोंबणारी वायर दाखवली. तळोज्यातल्या सगळ्या कंपन्यांमधली माणसं जेवणाच्या सुट्टीत बसून आमचा फोटो तपासत होती. पेजवर इतकी खरी माणसं मी कधीच पाहिली नव्हती. मला फार आनंद झाला, हे कबूल करायला हवं.

दुपारी बैलाचा फोटो लावलेल्या एका अकाउंटवरून कमेंट आली. ‘कटिंग प्रेसचा गार्ड कुठाय? दिवाळीच्या ऑर्डरला काढला तो परत लावलाच नाय.’ गार्ड म्हणजे बोटं पात्याखाली जाऊ नयेत म्हणून मशीनपुढे लावलेली जाळी. ती काढली की काम भराभर होतं. जाळी नाही हे फोटोत दिसत होतं. दिवाळीपासून नाही, हे फोटोत दिसत नाही. ते आतल्या माणसालाच माहीत असणार.

जाधव साहेबांनाही ते लगेच कळलं. म्हणून फोनवर फोन. बैलाच्या मागे कोण आहे ते पेजवरून समजत नव्हतं, पण त्या माणसाने फॉर्म भरला होता. खरं नाव, खरा नंबर, कंपनीचं नाव. बूट मिळायचे म्हणून बिचाऱ्याने सगळं नीट लिहिलं होतं. साहेबांच्या फॅक्टरीतून आलेला तेवढा एकच फॉर्म होता. शीट उघडली की दोन सेकंदांचं काम.

जेवण झाल्यावर निखिल माझ्या टेबलाशी आला. साहेबांनी त्यालाही फोन केला होता.

“मॅम, शीट देऊन टाका. ॲग्रीमेंटमध्ये आहे, डेटा क्लायंटचा.”

“त्या माणसाची नोकरी जाईल.”

“ते आपण नाही ठरवत.”

“फॉर्मखाली मी लिहिलंय, फक्त बक्षिसासाठी.”

“ते सगळेच लिहितात.”

मला फार राग आला. सगळेच लिहितात म्हणून मी लिहिलेलं खोटं होतं की काय? त्या माणसाने माझ्या एका ओळीवर विश्वास ठेवून नाव लिहिलं होतं. भीतीही वाटत होती, नाही असं नाही. या वयात या लाइनीत दुसरी नोकरी पटकन मिळत नाही. तरी मी लॅपटॉप निखिलकडे वळवला आणि त्याच्यासमोर शीट डिलीट केली. मग बिनमध्ये जाऊन तिथूनही काढली. फॉर्मही काढला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तळोज्याला बोलावलं. मी गेले. टेबलावर त्या पोस्टच्या रंगीत प्रिंट पसरल्या होत्या, लाल गोलांसकट.

“मॅडम, माझ्याच पेजवर माझी अब्रू काढायला ठेवलंय का तुम्हाला? एक चूक ठेवायची ठरली होती ना?”

“मी एकच ठेवली होती, साहेब. बाकीच्या आधीपासून होत्या.”

त्यांनी प्रिंट गोळा केल्या. मग शीट मागितली. मी सांगितलं, डिलीट केली. तुम्ही विचारलंत म्हणून केली. पेज तुमचं आहे, पोस्ट काढायची तर काढा, पण ते नाव माझ्याकडून मिळणार नाही. मला आठवत नाही असंही मी म्हटलं नाही. आठवत होतं, अजून आठवतं.

“तुम्हाला ठेवणार नाही मी,” ते म्हणाले.

“नका ठेवू. पण तो गार्ड लावा. तुम्ही स्वतः मशीनवर होतात.”

मी चहाला थांबले नाही.

त्याच आठवड्यात अकाउंट गेलं. निखिलने मला काढलं नाही, पण पगारवाढीच्या यादीतून माझं नाव गेलं. मी विचारायलाही गेले नाही. साहेबांनी दुसरी एजन्सी धरली आणि तिने पुन्हा पॉड जोडला. त्यांचं पेज आता शेजाऱ्याच्या पुढे आहे. बेकऱ्या, टॅटूवाले, सगळे आनंदाने लाइक करतात. महिन्याभराने त्यांनी मशीनपुढे उभ्या असलेल्या साहेबांचा फोटो टाकला. मी तो मोठा करून पाहिला. प्रेसला गार्ड होता, नवा कोरा, पिवळा रंग दिलेला. सिलिंडरही भिंतीवर दिसत होता. मी एकटीच टेबलावर हात आपटून हसले, शेजारच्या मुली बघायला लागल्या.

थोड्या दिवसांनी आमच्या एजन्सीच्या पेजवर बैलाने एक स्टार दिला. ‘चूक शोधूनपन बूट नाय दिलं. फ्रॉड लोक हायेत.’ नोकरीबद्दल त्यात एक शब्द नव्हता, म्हणजे तो अजून कामावर होता, आणि आपल्यामागे काय झालं ते त्याला ठाऊक नव्हतं. निखिलला ते रिपोर्ट करून उडवायचं होतं. मी म्हटलं, राहू दे, खरंच आहे ते. बूट दिले नाहीत आपण. त्याला मी खासगी मेसेज केला, कारण सांगितलं नाही, माफी मागितली आणि बुटाचा नंबर आणि घरचा पत्ता विचारला.

उत्तरात पत्ता आला आणि खाली, ‘नऊ. पन आमच्या कंपनीचं नको ताई, दुसरं कायपन चालंल.’

मी साहेबांच्या शेजारच्या प्लॉटवाल्याचे पाठवले.

गेम मी अजूनही करते आणि चांगले चालतात. फॉर्ममध्ये कंपनीचं नाव मात्र विचारत नाही. उद्या कुणी मागितलं तर जेवढं न देण्याची आपली तयारी आहे, तेवढंच लोकांना विचारावं.